प्रभुआज्याचा पास

मोहोळ, २ सप्टेंबर २०२४

भावजी,

माझं रजिस्टर तुमी परत धाडलं. पाकिटावर लाल पेनानं लिवलंय, 'घेण्यास नकार'. पोस्टातली बाई म्हणाली, "मावशी, घरात माणूस हाय, पण घेत न्हाय." मी म्हणलं, "मला म्हाईत हाय की. सव्वीस वर्सं झाली, त्या घरात माणूस हाय आन घेत न्हाय." आता हे साध्या पोस्टानं टाकते. पोस्टमन दाराखालनं सरकवून जाईल. तितं नकार कसा देता बघू.

मी मीनाबाई. तुमच्या पाठच्या भावाची, नवनाथची बायकू. वळख इसरला असाल म्हणून लिवलं. आपल्यात थोरल्या दिराम्होरं भावजयीनं तोंड वर करून बोलायचं न्हाय, नाव घ्यायचं न्हाय. मी ते पाळलं. पण पाकिटावर नाव न्हाय लिवलं तर पोस्ट घेत न्हाय, म्हणून 'जालिंदर' असं माझ्या हातानं लिवावं लागलं. पाप लागलं तर निम्मं तुमच्या वाटणीला. फोन तुमी बंद करून ठिवलाय, मग दुसरं काय करू.

मी तिसरी शिकले. अक्षर वाकडं हाय, ते तुमी बघू नका. तुमी पुण्यात सरकारी हापिसात हेडक्लार्क हुता, वाकड्या अक्षराचे कागद लई बघितले असतील.

मुद्द्याचं लिवते. मला प्रभुआज्याचा पास पायजे. तुमच्या बापाच्या बापाचा. इंग्रजाच्या टायमाला आपल्या लोकांला सोलापुरात सेटलमेंटात, तारंच्या कुंपणात ठिवलं हुतं आन भाईर पाय टाकायचा तर तो पास लागायचा, त्यो पास. सन शेहेचाळीसचा. त्याच्यावर नाव हाय, बापाचं नाव हाय, जात 'पारधी' हाय आन अंगठा हाय. मामंजी वारले तवा तुमी त्यांचा पत्र्याचा डबा उचलून नेला. मी चुलीपाशी हुते, मी बघितलंय. न्हाय म्हणू नका.

तुमास्नी समदं म्हाईत हाय, पण मी पुना लिवते, म्हंजी कळलं न्हाय असं म्हणाया नको. सन बावन्नला सरकारनं कुंपण तोडलं त्या दिवशी समद्यांनी आपापले पास जाळले. ढीग करून जाळले, भवतीनं नाचले. मामंजी लहान हुते, ते सांगायचे, चार दिवस राखंत पोरं खेळत हुती. आन आता सरकार म्हणतंय, तुमी पारधी हाय त्याचा सन पन्नासच्या आधीचा कागद आणा. आपल्या लोकांजवळ पन्नासच्या आधीचा कागद एकच हुता, आन त्याची आपण होळी केली.

प्रभुआज्यानंबी टाकला हुता. त्याच्या बायकूनं, बजाआजीनं काटकीनं मागं वढला. म्हणाली, "उद्या फौजदार आला आन पास दाखव म्हणला तर काय राख दाखवू?" तिला वाटलं ही सुटका दोन दिवसाची हाय. तिच्या भ्यानं तो कागद वाचला. साऱ्या भावकीत तेवढाच एक वाचलाय आन तो तुमच्या कपाटात हाय.

का पायजे ते सांगते. तुमची पुतणी कीर्ती सरपंच हाय. ऐकलं असंल. गेल्या नोव्हेंबरात निवडून आली. जागा आदिवासी बाईला राखीव हुती आन गावात आदिवासी म्हंजी आपली पालावरची एकोणीस घरं. गावातल्या मोठ्या लोकांनीच तिला उभी केली. त्यांला वाटलं तेवीस वर्साची पोर हाय, सही कर म्हणलं तितं करंल. ती सहीच्या आधी कागद वाचाया लागली. म्हणून उपसरपंचानं तक्रार केली, की ही काळे पारधी न्हाईतच. आता वर्साच्या आत जातीची पडताळणी झाली न्हाय तर पद जातंय. सुनावणी चौदा ऑक्टोबरला हाय, पुण्याला. तुमच्या घरापास्नं रिक्षानं अर्धा तास.

परवा एकतीस तारखेला पोरांनी त्या कुंपण तोडल्याच्या दिवसाचा कार्यक्रम केला. बारा पालावरनं पोरं-पोरी आली. कीर्ती बोलली. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणला, आमी बी जाळला गं पास, तवा कुणी सांगितलं न्हाय ठेवा म्हणून. समदे हसले. मला हसू आलं न्हाय.

पास धाडा. आन तुमी तिचं सख्खं चुलतं म्हणून एक शपथपत्र लागतंय.

मीनाबाई


मोहोळ, १४ सप्टेंबर

भावजी,

दाराखालनं गेलं म्हणायचं पत्र.

तुमी नवनाथला फोन केला. मला न्हाय, त्याला. तुमी काय म्हणला ते मी त्याच्याकडनं दात काढल्यावानी काढून घेतलं. "पत्रं पाठवू नका, सूनबाईच्या हातात पडत्यात. पद काय, आज हाय उद्या न्हाय. पोरीचं लगीन करून टाका." हे तुमी म्हणला. भाऊ सहा वर्सांनी बोलला आन हे बोलला. नवनाथ म्हणतो, "थोरला हाय, इचार करूनच बोलला असंल." गुडघ्यानं अधू झालाय, आता डोक्यानंबी.

पद आज हाय उद्या न्हाय, बरोबर. मग आज काय हाय ते ऐका. चंद्रव्वा म्हातारी, पालाच्या टोकाची, तिला आधार कार्ड मिळालं. बोटाचे ठसे उमटत न्हाईत म्हणून चारदा हाकललं हुतं. कीर्ती तिला संगं घेऊन तालुक्याला बसली, डोळ्याचा फोटू घेईस्तोवर उठली न्हाय. पालावर नळ आला. दोनच तोट्या हाईत, आन एकीला पाणी न्हाय, पण आला. ग्रामसभेत पारध्याच्या बाया सतरंजीच्या भाईर उभ्या राहायच्या, आता सतरंजीवर बसत्यात. मी बी बसले. बूड दुखलं, सवय न्हाय.

लगनाचं मी तिला बोलले हुते एकदा. ती म्हणाली, "आई, आधी पालाच्या जागेचा ठराव हुंदे." तिला नाशिककडं शिबिराला बोलावलं हुतं, तितं भिल्लाची, कातकऱ्याची, गोंडाची पोरं आली हुती. तितनं आल्यापास्नं ती असंच बोलती. दर आइतवारी बारा पालावरची पोरं शिवलीलाबाईच्या ढाब्यामागं पत्र्याच्या शेडात बसत्यात. मी त्याच ढाब्यावर भाकऱ्या थापते, समदं ऐकू येतं. कुणी म्हणतं मला तलाठी व्हायचंय, कुणी म्हणतं वकील. एक पोरगी म्हणाली, मला फौजदार व्हायचंय. मी भाकरी परतायची इसरले, करपली.

आता कामाचं. मागल्या मंगळवारी दक्षतावाले घरी येऊन गेले. घरी येऊन चौकशी करत्यात, पारधी हाय का न्हाय. एक साहेब आन एक लिवणारा. साहेब चांगला हुता, चहा पिला. इचारलं, "तुमचा देव कोणता? कुटं ठेवता? लग्नात काय करता?" मी सांगाया लागले तर म्हणला, "बाई, मुलीला बोलू द्या." कीर्तीनं जेवढं म्हाईत तेवढं सांगितलं. मग म्हणला, "तुमची भाषा बोलून दाखवा."

कीर्ती गप.

माझ्या तोंडात शब्द फिरत हुते, पण साहेबानं बोट वर केलं. कीर्ती म्हणाली, "मला येत नाही सर. समजते थोडी. घरात बोलत नाहीत." लिवणाऱ्यानं लिवलं. तो लिवत हुता आन मला वाटलं त्याचा हात धरावा.

मी म्हणलं, "साहेब, तिच्या बापाला पोलिसांनी चारदा नेला. एकदाबी भाषा बोलून दाखव म्हणले न्हाईत. बघितल्या बघितल्या वळखलं." साहेब खाली बघून म्हणला, "बाई, ते खातं वेगळं."

का शिकवली न्हाय भाषा, ते इचारू नका. तुमी तुमच्या लेकरांना शिकवली का?

तर आता भाषेचं गेलं, कागदावर हाय समदं. पास धाडा. तुमी कुणाला भिता ते मला म्हाईत हाय. लेकीच्या सासरला. पण पास काय त्यांच्या दारावर चिकटवायचा न्हाय. हापिसात एकदा दाखवायचा, परत तुमच्या कपाटात.

मीनाबाई


मोहोळ, २३ सप्टेंबर

भावजी,

आलं तुमचं पाकीट. पोस्टमननं ढाब्यावर आणून दिलं. मी पिठाचे हात तसेच फोडलं. आत झेरॉक्स. चिठ्ठी न्हाय, दोन शब्द न्हाईत. बरं म्हणलं, झेरॉक्स तर झेरॉक्स, मूळ कागद हापिसात दाखवायला घेऊन येतील. शिवलीलाबाईला दाखवलं. ती म्हणाली, "मीना, नशीब काढलंस गं." मी तिला जिलेबी चारली.

सांजच्याला धम्मप्रिया आली. वकीलबाई, सोलापूरची, कीर्तीच्या बरोबरीची पोर हाय, आन कीर्तीचा खटला ती फुकट बघती. तिनं झेरॉक्स उजेडात धरला, पालथा केला, पुना सरळ केला. मग म्हणाली, "मीनाताई, नाव हाय. बापाचं नाव हाय. अंगठा हाय. जात कुटं हाय?"

जातीची वळ न्हाय. नावाची वळ हाय, तिच्याखाली एक काळी रेघ हाय आन मग सरळ अंगठा. तुमी पासाला बरोबर जातीवर घडी घातली आन मग झेरॉक्स काढला. सरकारी नोकरीत तीस वर्सं कागद घडी घालाया शिकला, ती इद्या हितं वापरली.

मी म्हणलं, "चालंल का एवढ्यावर?" धम्मप्रिया म्हणाली, "ताई, हा दिला तर न दिल्यापेक्षा वाईट. ते म्हणतील कागदाला हात लावलाय. खोटा पुरावा दिला म्हणून कीर्तीवरच उलटंल."

कळलं का? भाईरच्या उपसरपंचाला जे जमलं न्हाय, ते तुमी एका घडीत केलं असतं. आमी अडाणी असतो तर हापिसात देऊन आलो असतो. हासत हासत देऊन आलो असतो.

तुमच्या मनात काय हाय ते मी सांगते. तुमच्या मनात अजून ते लगीन हाय. लेकीचं लगीन, पुण्याचं कार्यालय, सहा वर्सं झाली. आमाला पत्रिका न्हाय. आमी आपले आलो, नवनाथ, मी, कीर्ती. दारातच तुमी आमाला बाजूला घेतलं आन आचाऱ्याच्या माणसांजवळ बसिवलं. कुणी इचारलं तर म्हणला, "गावाकडची आहेत, शेतावर असतात." कुटलं शेत? आपली शेती चंद्रावर हाय का?

मग मी जाऊबाईला हाक मारली. आपल्या भाषेत मारली. जावंला दुसऱ्या कुटल्या भाषेत हाक मारायची? समदी माणसं वळली. नवरदेवाच्या आईनं इचारलं, "ही कुठली भाषा?" आन तुमी म्हणला, "कानडी. सोलापूरकडं कानडी बोलतात." बरं, म्हणला तर म्हणला. तर तितंच अक्कलकोटचा त्यो रेवणप्पा जेवत हुता, तुमच्या हापिसातला. त्याला लई आनंद झाला. पान सोडून आला आन माझ्याशी खडाखडा कानडीत बोलाया लागला. मी नुसती मान हलवत हुते. त्यो म्हणला, "यांची कानडी आमच्यापेक्षा वेगळी दिसते." तुमच्या तोंडाला घाम फुटला हुता.

ते तुमी इसरला न्हाय. पण त्यात माझी काय चूक हाय ते मला आजून कळलेलं न्हाय. भावजय जावंला हाक मारती, त्यात काय?

त्या रागाचा बदला माझ्या लेकीवर काढू नका. घडी उघडा. मूळ पास पायजे.

मीनाबाई


मोहोळ, २९ सप्टेंबर

भावजी,

थोडक्यात लिवते, कीर्ती घरात हाय. तिला कळलं मी तुमास्नी पत्रं लिवते. झेरॉक्स तिच्या हाती पडला. मी पिठाच्या डब्यात ठिवला हुता, ती कधी भाकरी करत न्हाय, पण नेमकी काल केली.

म्हणाली, "आई, तू त्यांच्याकडं भीक मागतीस?"

"भीक न्हाय. कागद मागते. तुझ्या पणज्याचा हाय, काय त्यांच्या सासऱ्याचा न्हाय."

"लपून आणलेला कागद मला नको. ज्याला पारधी म्हणवून घ्यायची लाज वाटती त्याच्या कागदावर मी पारधी ठरायचं?"

"मग काय बाजारात मिळतो का दुसरा?"

"नाही मिळाला तर नाही मिळाला. मी सांगीन आमचे पास का जाळले ते. ते ऐकून काय लिहायचं ते लिहू दे त्यांना."

ही असली बोलणी तिला शिबिरात शिकवली. ऐकाया लई चांगली. पण हापिसात बोलण्याला शिक्का बसत न्हाय, कागदाला बसतो. मी म्हणलं, "तुझ्या स्वाभिमानापायी एकोणीस घरं पाणी भरतील का?" ती म्हणाली, "एका तोटीला अजून पाणी नाहीच." आन हसली. राग आला तरी तिला हसू येतं, बापावानी.

पण मग बसून नीट बोलली. म्हणाली, प्रभुआज्याच्या वंशात आज एकवीस पोरं शिकत्यात. एकाची पडताळणी झाली की तिच्या आधारावर बाकीच्यांची सोपी. कुणाला नर्सिंग, कुणाला पोलीस भरती. तुमची नातवंडं बी त्यात हाईत, ती मोजली हाय तिनं. मी म्हणलं, ती कशाला मोजलीस? म्हणाली, "त्यांना नको असेल तर नको. पण ती मोजायची राहता कामा नये."

आन एक नवीनच निघालं. धम्मप्रियानं कीर्तीच्या शाळंतला उतारा काढला. त्यात जातीच्या रकान्यात लिवलंय 'हिंदू मराठा'. उपसरपंचानं तोच उतारा आधीच हापिसात दिलाय. कीर्तीनं मला इचारलं, "आई, शाळेत हे कुणी सांगितलं?" मी म्हणलं, मास्तरनं आपल्या मनानंच लिवलं असंल. काळे म्हणल्यावर मराठाच वाटणार. तवाचे मास्तर काय इचारत हुते का. चूक मास्तरची.

म्हणून तर पास आणखीन पायजे. त्या उताऱ्याला तोडायला तेवढाच हाय.

मीनाबाई


मोहोळ, ४ ऑक्टोबर

भावजी,

मागल्या पत्रात मी खोटं लिवलं. मास्तरनं मनानं लिवलेलं न्हाय. मी सांगितलं.

कीर्ती सहा वर्साची हुती. त्याच्या महिनाभर आधी नवनाथला धरून नेलं हुतं. पाच कोसावर कुटं तरी घर फुटलं हुतं, आन पोलिसांची गाडी पालावर आली. अकरा दिवसांनी सोडला. काय बी सापडलं न्हाय, पण गुडघा गेला. मी पोरीला घेऊन शाळंत गेले. मास्तर भला माणूस हुता. त्यानं नाव लिवलं, जन्मतारीख लिवली आन पेन थांबवून इचारलं, "काळे. जात कुठली?" खिडकीत दोन पोरं उभी हुती, ऐकत. मी म्हणलं, "मराठा." त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आन लिवलं. त्याला कळलं हुतं. त्यो चांगुलपणानं गप बसला.

त्याच दिवशी घरी येऊन मी ठरवलं, पोरीसंगं आपली भाषा बोलायची न्हाय. मामंजी बोलायचे तिच्याशी, तिला समदी येत हुती तवा. चुरूचुरू बोलायची. एकदा रस्त्यानं जाताना ती बोलली, पुढनं गावातली बाई येत हुती. मी तिच्या तोंडावर चापट मारली. पुना बोलली, पुना मारली. पंधरा दिवसात बंद झाली. मग ती मामंजीशीबी बोलेना. ते मराठीत बोलायला शिकले, म्हातारपणी, नातीसाठी. दक्षतावाला साहेब इचारत हुता आन कीर्ती गप बसली, तवा तिला काय आठवत हुतं मला म्हाईत न्हाय. मला ती चापट आठवत हुती.

लगनाचंबी सांगून टाकते. मी जावंला हाक चुकून मारली न्हाय. कार्यालयात शिरल्यापास्नं मी ती हाक तोंडात धरून हुते. आचाऱ्याजवळ बसिवलं तवाच ठरवलं. कुणाला ऐकू जाईल ते बघून, नवऱ्याची आई जवळ आली तवा मारली. तुमची लेक माझ्याकडं बघत हुती, मुंडावळ्या बांधलेली. तिनं माझं काय वाईट केलं न्हवतं. ते माझं चुकलं. कानडीची गंमत मी पालावर सांगून लई हसवलंय, पण तिचं त्या टायमाचं तोंड कुणाला सांगितलं न्हाय.

सोमवारी कीर्तीला शाळंचं खरं सांगितलं. दोन दिवस ती बोलली न्हाय. ग्रामपंचायतीत गेली, आली, जेवली. नवनाथ तिच्याकडं आन माझ्याकडं बघत बसायचा. त्यालाबी म्हाईत न्हवतं. तिसऱ्या दिवशी ती तोंड धुता धुता म्हणाली, "शपथपत्रात हे लिहावं लागेल. अंगठा नाही, सही लागेल. आणि सुनावणीत साहेबांसमोर तोंडानं सांगावं लागेल, की मी खोटं सांगितलं, का सांगितलं. जमेल?"

मी म्हणलं, "जमंल."

"उपसरपंच तिथं बसलेले असतील. बातमी गावात येईल."

"येऊं दे."

मग ती म्हणाली, "चापटीचं पण लिहायचं का?" मी म्हणलं, "वकीलबाईला इचार, उपेग हुत असंल तर लिव." धम्मप्रिया म्हणाली, लिवा. भाषा का येत न्हाय त्याला तेच उत्तर हाय. काल सोलापूरला जाऊन नोटरीम्होरं सही केली. चार पानं झाली. मला वाचून दाखवली तवा मधीच कीर्ती भाईर गेली, चहा सांगाया म्हणून. चहा काय आला न्हाय.

तर असं हाय. तुमी जातीवर घडी घातली म्हणून मी तुमास्नी नाही नाही ते लिवलं. घडी मी बी घातली हुती, तुमच्या आधी, आन पोरीच्या तोंडावर घातली. म्हणून आता तुमच्यावर वरडायला मला तोंड न्हाय. पण मागायला हाय. मागणं मी सोडणार न्हाय.

नुसत्या माझ्या खोट्याच्या कबुलीवर ती पारधी ठरत न्हाय. ती फक्त मराठा न्हाय एवढं ठरतं. पारधी ठरायला प्रभुआज्या लागतोय. कीर्तीला मी हे पत्र लिवते ते म्हाईत हाय. या टायमाला लपून लिवलेलं न्हाय. तिनं पाकीट आणून दिलं, पण म्हणाली, "एकच अट. त्यांना यायचं असेल तर स्वतः यावं, पास हातात घेऊन. पोस्टानं नको." मी म्हणलं, बघते. माझी अट येगळी हाय, मला कसाबी चालतो.

तुमची अडचण मला कळती. तुमची लेक त्या घरात सहा वर्सं नांदतीय, दोन लेकरं हाईत. उद्या सासूनं इचारलं तर तिनं काय सांगायचं. मी माझ्या लेकीला काय सांगायचं तेच अठरा वर्सांनी शोधलं. तुमच्या लेकीला एकदा इचारून तरी बघा. तुमी घाबरता तेवढी ती घाबरती का, ते तुमास्नीबी म्हाईत नसंल.

आता शेवटचं. सुनावणी सोमवारी चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजता. पत्ता मागं लिवलाय, धम्मप्रियाच्या अक्षरात, म्हंजी वाचता येईना असं म्हणाया नको. यायचं असंल तर पास घेऊन या. आमी दारातच उभे असू, तिघं.

द्यायचं नसंल तर तसं लिवून द्या. फोनवर न्हाय, नवनाथला न्हाय. कोऱ्या कागदावर, तुमच्या हातानं, पुरं नाव घालून. असं लिवा: मी जालिंदर काळे, प्रभु काळे पारधी यांचा नातू. त्यांचा पास माझ्याजवळ हाय. मी तो माझ्या पुतणीला देणार न्हाय. खाली सही. धम्मप्रिया म्हणाली, पास न्हाय आला तर हापिसात हे बी लावता येतं. नातू कोण, आजा कोण, जात काय, समदं त्यातच आलं.

येतो म्हणून दोन वळी न्हायतर हे नकाराचं लिवाण, दोन्हीतलं एक मला गुरुवारी, दहा तारखेला हातात पायजे. ढाब्यावरची सुट्टी काढलीय. सकाळी टपालाची थैली फुटती तवापास्नं मी मोहोळच्या पोस्टात बाकावर बसून हाय.

मीनाबाई नवनाथ काळे, पारधी